मामांचा मान आणि दाराचा सेन्सर

मशीन कुठलंही असो, माझ्या हातात आलं की शहाण्यासारखं वागतं! नारायणगावात माझं मोबाईलचं दुकान आहे. अख्खी वारूळवाडी आपले रुसलेले फोन घेऊन माझ्याकडे येते. त्यामुळे आमच्या वस्तीवर बिबट्याची ये-जा वाढली, तेव्हा मी दाराला स्मार्ट सेन्सर आणला. दार हललं की घरात सायरन आणि माझ्या मोबाईलवर मेसेज!

"बसवा, पण आज नको," माझी बायको उज्ज्वला म्हणाली. "आज अप्पा येणारेत."

अप्पा म्हणजे माझे सासरे, निरगुडसरचे भगवंतमामा. आमच्या वास्तुशांतीला मी टॉवेल-टोपी आधी गवंड्याला दिली आणि मग मामांना. झालं! मामा न जेवता गेले ते दोन वर्षं आमच्याकडे फिरकले नाहीत. उज्ज्वलाने फोनवर रडून-रडून त्यांना राजी केलं होतं. अट एकच, जावयाने स्वतः फाट्यावर घ्यायला यायचं.

"फाट्यावर उतरले की ते तुम्हाला फोन करतील. आज काही गडबड केलीत ना, तर मीच निरगुडसरला जाऊन राहीन!"

"अगं, चुटकीसरशी होईल!"

ॲपमध्ये सेन्सिटिव्हिटीची पट्टी होती. चांगली वस्तू अर्धवट का वापरायची? मी पट्टी पार टोकाला नेली.

उज्ज्वलाने मासवडीच्या रश्श्यासाठी मिक्सर लावला. सायरन! रस्त्याने टोमॅटोची पिकअप गेली. सायरन! मी शिंकलो. सायरन! मोबाईल तर "दार उघडले आहे, दार उघडले आहे" असा कोकलायला लागला, की मी त्याचा आवाजच बंद करून टाकला. घात झाला तो इथेच.

पट्टी खाली आणली, तर दार सताड उघडलं तरी सेन्सर गप्प. पुन्हा वर केली, अंगणात आलो आणि बाहेरून दार ओढून बघितलं. तेवढ्यात ॲप अडकलं आणि सायरन जो सुरू झाला तो थांबेचना.

शेजारच्या ठमाबाईंनी बोंब ठोकली, "आरं पळा! गोरखच्या घरात बिबट्या शिरला!"

"नाही हो मावशी, सेन्सर आहे!" मी ओरडलो. पण त्या आवाजात ऐकतंय कोण?

"बायकूला आत कोंडून ह्यो बाहेर उभा! लाज हाय का रं?"

काठ्या, कुदळी, पराती घेऊन वस्ती अंगणात जमली. गेणभाऊ सुतळी बॉम्ब घेऊन आले. त्यांनी लगेच फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला फोन लावला. "गोरखकडं मानसं धाड! लई मोठाय राव, वासराएवढा!"

आत उज्ज्वला कानात कापसाचे बोळे घालून मासवड्या वळत बसली होती.

शेवटी सायरन एकदाचा थांबला. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून पातेलं आदळल्याचा आवाज आला. पाठोपाठ उज्ज्वलाची किंकाळी!

खरंच शिरला की काय? मी देवाचं नाव घेतलं आणि दार ढकलून आत धावलो.

स्वयंपाकघरात मामा! मागच्या दाराने घुसलेले, धोतर गुडघ्याच्या वर, हातात हॉटेलातला भज्यांचा झारा आणि लेकीला पाठीशी घालून उभे.

"कुठंय त्यो?" मामा गरजले.

"अप्पा! तुम्ही आलात!" उज्ज्वला बोळे काढून त्यांच्या गळ्यातच पडली. माझेही डोळे भरून आले. मोबाईल बघितला, तर मामांचे ढीगभर मिस्ड कॉल. बिचारे कधीपासून हॉटेलच्या बाकावर माझी वाट बघत बसले होते.

बिबट्या नाही हे समजलं, तसं आपण कुठे उभे आहोत हेही मामांच्या ध्यानात आलं. झारा खाली आला.

"म्हंजे मी कुनी घ्यायला न येताच घरात आलो?"

"मामा, आता आलाच आहात तर बसा ना..."

"बसतो की. फाट्यावर बसतो. तुमी घ्यायला या!"

आणि आले तसे मागच्या दाराने गेले.

आता मात्र चूक नको! मी पट्टी शून्यावर आणली आणि टॉवेल-टोपी घेऊन फाट्यावर गेलो. मामा बाकावर असे बसले होते, जणू मला आज पहिल्यांदाच बघतायत. मी टोपी घातली, टॉवेल दिला, पाया पडलो.

"येवढं म्हनताय तर येतो," मामा म्हणाले.

वाटेत मी खुशीत येऊन सेन्सरचं कौतुकही सांगितलं. अंगणात सगळी वस्ती काठ्या घेऊन दोन्ही बाजूंना उभी. उज्ज्वलाने पायांवर पाणी घातलं. मामांनी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं आणि थांबले. वर सेन्सरकडे बघितलं.

"वाजलं न्हाई?"

"मुद्दाम बंद केलंय, मामा!"

"पिकअप गेली तरी वाजतं म्हनला व्हता."

"हो, पण..."

"तुमी शिंकला तरी वाजतं."

"हो..."

"आन् सासरा दारात आला तर गप? ह्या मशीनलासुदिक आमची किंमत नाय!"

उज्ज्वलाने माझ्याकडे बघितलं. मी निमूटपणे मोबाईल काढला आणि पट्टी पुन्हा टोकाला नेली. तोवर मामा टोपी सावरत फाट्याच्या वाटेला लागलेसुद्धा होते.

मी गाडीला किक मारली, आणि त्या आवाजाने घरात सायरन खणखणीत वाजला. म्हटलं ना, मशीन माझ्या हातात आलं की शहाण्यासारखं वागतं!