बाबलशेट खेकड्याचे एकोणीस पॉइंट

घाटमाथ्यावरच्या एका जंगलात, बाळांनो, अस्वलांचं एक कुटुंब राहत होतं. वडील भिकाजीराव, आई सरूबाई, मोठी ठमी आणि धाकटा गुंड्या. चौघंही केसाळ, चौघंही गुणी.

एकदा गुंड्याला मधमाश्या चावल्या. तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं. ताप काही उतरेना. सरूबाई हात जोडून समुद्राला नवस बोलल्या.

"दर्यादेवा, माझं पोर उठून बसू दे. आम्ही चौघं तुझ्या पाण्यात उभं राहून नारळ वाहू. तोवर मी खोबरं तोंडात घालणार नाही."

समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पण देवाला लांबून बोललेलंही ऐकू येतं. चौथ्या दिवशी गुंड्या उठून बसला आणि त्यानं खायला मधच मागितला.

आता त्या जंगलात एकही माड नव्हता. त्यामुळे खोबरं सोडणं सरूबाईंना मुळीच जड गेलं नाही. शेजारची तरशीण म्हणालीसुद्धा, "मध सोडायचा होतात की, सरूबाई." सरूबाईंना त्या वेळी नेमकं कमी ऐकू येत होतं.

पुढं दोन वर्षांनी भिकाजीरावांना सिंहाच्या कचेरीतून तीन दिवसांची रजा मिळाली. हत्ती दर महिन्याला बाराजणांना पाठीवर घेऊन समुद्राला जाई आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परत निघे. हे चौघं त्यावर बसले. उतरल्या उतरल्या सरूबाईंनी एक शेंडीचा नारळ घेतला आणि काखेत धरला. नवसाचा नारळ खाली ठेवत नाहीत.

किनाऱ्यावर एक खेकडा उभा होता. त्याच्या गळ्यात पाटी होती. 'गाइड बाबलशेट. एकोणीस पॉइंट. जेवणासह.'

भिकाजीरावांचे डोळे चमकले. "तरस मंडळी गेल्या वर्षी आली होती, त्यांनी सतरा पाहिले," ते म्हणाले.

"अहो, आधी पाण्यात जाऊन येऊ या का?" सरूबाई म्हणाल्या. "नवस फेडला की मग सगळं मोकळं."

"वहिनीनु, समुद्र खंय पळान जाता?" बाबलशेट म्हणाला. "तो थंयच आसा. शेवटाक बघूया."

भिकाजीरावांना ते पटलं. बाबलशेट तोंड समुद्राकडे करून उभा राहिला आणि चालू लागला.

खेकडा कसा चालतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तोंड एकीकडे, पाय दुसरीकडे. तो किनाऱ्याकिनाऱ्यानं आडवा निघाला आणि हे चौघं त्याच्या मागून. समुद्र सकाळी जितका लांब होता, तितकाच संध्याकाळी लांब राहिला.

पॉइंट मात्र भराभर झाले. डॉल्फिन पॉइंटला डॉल्फिन जेवायला गेले होते. इको पॉइंटला ठमीनं हाक मारली, तर मागच्या कुटुंबातलं माकड म्हणालं, "आमचा नंबर आधी आहे." उंटानं गुंड्याला पाठीवरून दोन चकरा मारून आणलं. सूर्यास्त पॉइंटला इतकी गर्दी होती की चौघांना एका गव्याची पाठ तेवढी दिसली. पाठीपलीकडे सूर्य मावळला, असं बाबलशेटनं सांगितलं. भिकाजीरावांनी यादीवर खूण केली.

मधेच दुपारचं जेवण झालं. वाढायला बगळीणकाकू होत्या.

"यात खोबरं आहे का हो?" सरूबाईंनी आमटीकडे बोट दाखवलं.

"छे हो. नारळाचं दूध आहे नुसतं."

"आणि भाजीत?"

"भाजीत नाही. वरून भुरभुरलंय थोडं."

"उसळीत?"

"उसळ वाटपाची आहे. वाटपात काय, खोबरंच की."

सरूबाईंनी भात घेतला. त्यावर मीठ घेतलं. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी तेच. समोर मोदकांचं ताट आलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून दर्यादेवाचं नाव घेतलं. डोळे उघडेपर्यंत गुंड्यानं ताट संपवलं होतं. देव असा लगेच धावून येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अठरा पॉइंट झाले. एकोणिसावा पॉइंट म्हणजे एक मोठा पडदा होता. त्यावर निळाशार समुद्र रंगवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आम्ही समुद्र पाहिला.' फोटोसाठी रांग होती. खऱ्या समुद्राकडे सगळ्यांच्या पाठी होत्या.

तेवढ्यात हत्तीनं पहिली हाक दिली.

सरूबाईंनी रांग सोडली. नारळ सावरला आणि त्या नाकासमोर चालू लागल्या. मुलं त्यांच्यामागं धावली.

"अगं, तिकडं काहीच नाही," भिकाजीराव ओरडले.

"वहिनीनु, थंय बोर्ड नाय," बाबलशेट म्हणाला. "थंय गाइड येवचो नाय."

सरूबाई पाण्याच्या कडेला जाऊन थांबल्या. मागं वळून म्हणाल्या, "अहो, मी चौघं म्हणून बोलले होते. तिघांचा नवस देव गोड मानून घेईल. मला नाही गोड लागायचा."

हत्तीनं दुसरी हाक दिली. भिकाजीरावांनी रांगेकडे पाहिलं. पुढं फक्त एक ससा होता. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तीन दिवसांत तिचं तोंड बरंच उतरलं होतं, आणि हे यादीत कुठंच नव्हतं.

ते रांगेतून निघाले. वाळू तुडवत पाण्यात जाऊन उभे राहिले. एक लाट आली, पायांखालची वाळू घेऊन गेली, आणि भिकाजीराव मटकन खाली बसले.

"बाबा, हा कितवा पॉइंट?" ठमीनं विचारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

चौघांनी मिळून नारळाला हात लावला. सरूबाईंनी तो पाण्यात सोडला. नारळ गेला, थोडा रेंगाळला आणि पुढच्या लाटेनं तो त्यांच्याच पावलांशी परत आणून ठेवला.

"प्रसाद म्हणून दिलाय," सरूबाई म्हणाल्या. तिथल्याच खडकावर त्यांनी तो फोडला. पहिला तुकडा त्यांनी स्वतःच खाल्ला. बाळांनो, आईनं आधी खाल्लं, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

हत्ती निघून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रमतगमत चालत आठ दिवसांनी ते घरी पोचले. तरशिणीनं विचारलं, "काय काय पाहिलंत?" भिकाजीरावांनी खूप आठवून बघितलं.

"समुद्र," ते म्हणाले.

"अरेरे," तरशीण म्हणाली. "एवढंच?"

तात्पर्य: सहकुटुंब समुद्रावर जावं, सगळं पाहावं, पण पाण्यात पाय घालू नये. एकदा पाय भिजले की घरी येऊन सांगण्यासारखं काही उरत नाही.