विसरलेली शिवी

हौशी नाटक मंडळाच्या तालमीत औषधवाला रोज एकाच ओळीवर अडायचा. त्याची भूमिका उर्मट घरमालकाची. खोली मागायला आलेल्या काळ्या बाईला त्याने तिच्या रंगावरून एक घाणेरडी शिवी द्यायची होती. त्या बाईचं काम करत होती इस्पितळातली सिस्टर, आणि तिचा रंग खरोखरच तसा होता. औषधवाला तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "अहो बाई..."

दिग्दर्शक कपाळाला हात लावायचा.

"म्हणा हो बिनधास्त," सिस्टर शांतपणे सांगायची. "वॉर्डात इंजेक्शन दुखलं की पेशंट हेच म्हणतात. तुम्ही निदान तालीम तरी करताय."

मग तो घरी बाथरूमची कडी लावून सराव करू लागला. एका सकाळी आवाज झकास लागला. दार उघडलं, तर बाहेर सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या. त्याही सावळ्याच. त्या तडक आपल्या खोलीत गेल्या आणि बॅग भरू लागल्या.

"आई, ती नाटकातली शिवी होती."

"असेल. लागली मात्र खरी."

औषधवाल्याने हातापाया पडून त्यांना थांबवलं आणि प्रयोगाला पहिल्या रांगेत बसवलं. तिथेच घात झाला. सिस्टर रंगमंचावर आली, त्याने तोंड उघडलं, समोर सासूबाई दिसल्या आणि शब्द डोक्यातून साफ पुसला गेला. विंगेतून दिग्दर्शकाने तो सांगायचा, तर त्याचीही जीभ रेटेना.

सिस्टर प्रेक्षकांकडे वळली. "मालक मला काय म्हणायचं ते विसरलेत. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा."

माहीत सगळ्यांनाच होतं. कुणी छत न्याहाळू लागलं, कुणी आपल्या चपला. एकजण नुसता खोकला, तर शेजारी दचकून त्याच्याकडे बघू लागला.

"कुणालाच नाही? मग रस्त्यात माझ्या पाठीमागे बोलतं कोण?"

मग सासूबाई उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या, आणि हळूहळू सगळेच उठले.

"सिस्टर, मी फार घोळ घातला," पडदा पडल्यावर औषधवाला म्हणाला.

"छान घातलात. पुढच्या प्रयोगालाही घाला."

दिग्दर्शकाने खरंच तसं ठरवलं, आणि तालीम पुन्हा अडली. आता शब्द औषधवाल्याला इतका पाठ झाला होता की विसरण्याचा अभिनय काही केल्या जमेना.

"शब्दाकडे लक्षच देऊ नका," सिस्टर म्हणाली. "नुसतं माझ्याकडे बघा."

त्याने बघितलं. "अहो बाई..." त्याच्या तोंडून निघालं.

"हेच ठेवू," दिग्दर्शक म्हणाला.