समोरच्या दुर्गाबाईंचा गुडघा

मस्कतमधल्या वऱ्हाडी बायकांनी एक मंडळ काढलं होतं. तिथल्या बाजारात अंबाडीची भाजी कुठे मिळते इथपासून रुसलेल्या नवऱ्याला बोलतं कसं करायचं इथपर्यंत सगळा सल्ला तिथे मिळे. शिवाय जी सुट्टीवर गावी जाईल, तिने अडलेल्या मैत्रिणीच्या घरचं एक काम करून यावं, असा नियम होता.

यंदा दामिनी अमरावतीला माहेरी निघाली, तेव्हा तिच्या वाट्याला प्रतीक्षाची आई आली. वच्छलाबाई अकोल्यात, जुन्या शहरात एकट्या राहत. गुडघा पार झिजला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्या फोन ठेवून देत.

"माह्यं ऐकतच नाही ते," प्रतीक्षा म्हणाली. "तू समजव. निंबाच्या झाडासमोरचं घर हाय."

निंब गल्लीच्या मधोमध होता, त्यामुळे त्याच्यासमोर दोन घरं होती. प्रतीक्षाच्या घरात त्यांतलं दुसरं मोजायची पद्धत नव्हती.

दामिनी अमरावतीहून बसने आली आणि त्या दुसऱ्या घराच्या दारात उभी राहिली. आत एक म्हातारी गुडघा चोळत बसली होती. खूण पटली.

"काकू, मी दामिनी. मस्कतहून आली."

"ये वं माय. बस."

दामिनीने खजुराचा डबा पुढे ठेवला आणि मंडळात ठरल्याप्रमाणे आधी प्रेमाने, मग रागावून, मग डोळ्यांत पाणी आणून समजावलं. "तुमी पडल्या-झडल्या त लेकरानं काय करावं तिकडं?" म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. "करतो बाप्पा ऑपरेशन," ती म्हणाली.

दामिनीने तिच्यासोबत फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'काकू तयार झाल्या!' सगळ्यांनी अभिनंदन केलं. प्रतीक्षाने विचारलं, 'ही समोरची दुर्गाबाई हाय. माही माय कुठं हाय?'

तिची माय तेव्हा दुर्गाबाईंच्याच उंबरठ्यात उभी होती. पातोडीचा रस्सा करून त्या सकाळपासून वाट पाहत होत्या, आणि पाहुणीला समोरच्या घरात शिरताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. दुर्गाबाईंशी नालीवरून भांडण झाल्यापासून त्यांनी हा उंबरठा ओलांडला नव्हता.

"दुर्गे, हे पोरगी माही हाय! खजूरबी माहा हाय!"

"मले का मालूम? म्या थोडीच बलावली?"

"पन काकू, तुमी सांगतलं कावून नाही?" दामिनीने विचारलं.

दुर्गाबाईंनी डब्याचं झाकण नीट लावलं. "तू बोलून राहिली होती. पोरगा इथंच अकोल्यात राह्यते, पन गुडघ्याचं कोनं इचारलं नाही मले. म्हनलं, बोलू द्या."



"म्हनजे तू ऑपरेशन करतं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"करतो म्हनलं ना. एका गुडघ्याचं."

"मंग मी दोन्हीचं करतो!"

डॉक्टरांनी दोन्ही एकदम करायला नकार दिला, तेव्हा त्या नाइलाजाने एकावर आल्या. दामिनीच्या ओळखीने अमरावतीच्या दवाखान्यात खाटा शेजारीशेजारी मिळाल्या. दामिनीने सुट्टी वाढवली; तिकडे तिच्या नवऱ्याला मंडळातल्या बायकांनी पाळीपाळीने डबा पोचवला. इकडे कोण आधी उभी राहते यावर चुरस लागली. दुर्गाबाई आधी उभ्या राहिल्या. वच्छलाबाईंनी ते डॉक्टरांच्या पक्षपातावर ढकललं आणि दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंच्याच खांद्याला धरून दारापर्यंत चालत गेल्या.

महिन्याभराने प्रतीक्षाने घरी फोन केला.

"माय, भांडन मिटलं म्हन्ते तुमचं?"

"काई मिटलं नाही. नालीचं बोलनं बाकीच हाय." वच्छलाबाईंनी आवाज खाली केला. "आयक, तुमच्या मंडळाले सांग. पुढच्या बारीले दुर्गीसाठीबी एक पोरगी पाठवा म्हना."

"बरं."

"पन दामिनीहून चांगली नको."