वाद्यांची देवघेव

बाबांचं व्हायोलिन परत मिळवायला लेकीला फक्त एक सही हवी होती, आणि ती बाबांचीच हवी होती.

आंतरराष्ट्रीय संगीत मेळाव्याच्या प्रदर्शनासाठी बाबांनी ते दोन महिने आधी पाठवलं आणि पुढच्याच महिन्यात बाबा गेले. हनुवटी टेकून टेकून त्याचा रंग एका जागी उडाला होता. घरात बाबांची दुसरी कुठलीच खूण तिला इतकी हवीशी नव्हती.

"वाद्य ज्याचं त्यालाच मिळेल," भांडारातला कारकून म्हणाला.

"ते वारले."

"मग त्यांचं तसं पत्र आणा."

तिने मृत्यूचा दाखला पुढे केला. कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि यावर कलावंताची सही नाही, एवढीच खोट काढली.

मेळाव्याच्या संयोजिकेला सगळे पाठीमागे संवादबाई म्हणत, कारण त्या शब्दावाचून त्यांचं वाक्य पुरं होत नसे. तोडगा त्यांनीच काढला. समारोपाला बारा देशांचे बारा कलावंत एकत्र वाजवणार होते आणि त्यांतली बाबांची खुर्ची रिकामी राहिली तर फोटो बिघडला असता. लेकीने तिथे बसायचं, गज तारांच्या बोटभर वर फिरवायचा, आणि पडदा पडला की व्हायोलिन घेऊन घरी जायचं.

तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अर्धा तास तिने नुसती हवा वाजवली. तिचं संयत वादन फार भिडलं, असं पुढे दोघातिघांनी सांगितलं.

शेवटी निवेदकाने जाहीर केलं, की मेळाव्याच्या प्रथेप्रमाणे प्रत्येकाने आपलं वाद्य उजवीकडच्या कलावंताला कायमचं भेट द्यावं. ही प्रथा तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होती. ती तोंड उघडेपर्यंत शेजारच्या धिप्पाड तुतारीवाल्याने व्हायोलिन छातीशी धरलं आणि तो हमसून हमसून रडू लागला. डावीकडच्या आजींनी आपला ढोल तिच्या मांडीवर ठेवून तिचे गाल कुरवाळले. फोटो मात्र छान आला.

"ते माझ्या बाबांचं आहे हो," ती विंगेत म्हणाली.

"म्हणूनच तर त्याला मोल आहे," संवादबाई डोळे टिपत म्हणाल्या. "आता परत मागितलंत तर संवाद तुटेल."

दुसऱ्या दिवशी ढोल खांद्याला अडकवून ती पाहुण्यांच्या निवासावर गेली. हातापाया पडून अदलाबदल करावी, असं तिच्या मनात होतं. तुतारीवाला पहाटेच विमानतळावर गेला होता. त्याचा पत्ता तरी मिळेल म्हणून ती भांडारात आली. कारकून उठला आणि त्याने मागची खोली उघडली.

भिंतीला टेकून अकरा वाद्यं उभी होती. व्हायोलिन तुतारीच्या मागे होतं, तोंड भिंतीकडे.

"विमानात एवढं ओझं कोण नेतंय, ताई? दरवर्षी हेच. रडतात, मिठ्या मारतात आणि जाताना इथं टेकवून जातात."

"मग यांचं काय होतं?"

"महिनाभर ठेवतो. मग भंगारात. तुमचं असेल ते उचला."

तिने व्हायोलिन उचललं. एका खांद्याला ढोल, हातात व्हायोलिन. दारातून काही बाहेर पडता येईना. ढोलाचा पट्टा एका जागी तुटला होता आणि तिथे कुणीतरी लाल दोऱ्याने अगदी बारीक, एकमेकांना खेटून टाके घातले होते. ते टाके ती बघत राहिली. मग तिने बसची वेळ पाहिली, ढोल खांद्यावरून उतरवला आणि भिंतीशी मोकळ्या झालेल्या जागी, आवाज होणार नाही अशा बेताने, ठेवून दिला.