एकच बटण

गायकवाड सरांना घरातले सगळे दिवे एकाच बटणावर हवे होते. बाकीची दुनिया दिव्यागणिक वेगळं बटण लावून जगते, हा मागासलेपणा त्यांना मंजूर नव्हता. नाताळ जवळ आला तसं त्यांनी राहात्याच्या बाजारातून एलईडीच्या माळा, पट्ट्या, दारावरची चांदणी असा सगळा ऐवज आणला आणि साऱ्या वायरी नेऊन एका बटणाला बांधल्या. बटण दाबलं की घर क्षणभर उजळायचं, हॉलमधल्या बोर्डावरचा फ्यूजच्या जागचा खटका, म्हणजे एमसीबी, खट्‌कन पडायची आणि घरात मिट्ट काळोख व्हायचा.

सरांनी आयुष्यभर आयटीआयमध्ये पोरांना वायरमनचं काम शिकवलं. त्यामुळे घरी वायरमन बोलावणं म्हणजे नाक कापून घेणं. शेजारी म्हणून बोर्डापाशी उभं राहण्याची बिनपगारी नोकरी मला मिळाली. ते आतून ओरडायचे, "विलास, पडली का?" मी म्हणायचो, "पडली." या उच्च दर्जाच्या चर्चेत आमच्या आठ संध्याकाळी गेल्या.

"आधी लॉजिक, मग हात," असं सर सारखं म्हणतात. लॉजिकने त्यांनी आधी फ्रिजवर संशय घेतला, मग पाण्याच्या मोटारीवर. फ्रिज दोन दिवस बंद राहिला, दूध नासलं आणि फ्रिज निर्दोष सुटला. मग प्रत्येक माळेला रोल नंबर चिकटवून हजेरी झाली. एकेकटी लावली की प्रत्येक माळ गुणी. सगळ्या एकदम लावल्या की खट्‌.

शेवटी सरांना कारण सापडलं. "एलईडी चालू व्हताना झटक्यात लई करंट ओढती. एकटीचं काय न्हाई. पन समद्या एकदम ओढाय लागल्या की एमसीबी पडती."

"मग चार बटणं करा की सर. एकामागून एक लावा."

"न्हाई. बटन एकच."

रोग ओळखून औषधाला हात न लावणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होतो. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा हाक आली. मी वैतागून म्हणालो, "ते तुमचं लाडकं बटण दाखवा तरी एकदा." सर मला आतल्या खोलीत घेऊन गेले. बटण सरांच्या बायकोच्या, मार्थाकाकूंच्या खाटेला, बरोबर हाताला लागेल असं ठोकलेलं होतं. वर्षापूर्वी काकूंची नजर पूर्ण गेली. आत्ता त्यांचा जरा डोळा लागला होता.

"लग्न झाल्यापासनं चांदनी हीच लावती," सर हळू आवाजात म्हणाले. "औंदा म्हनली, मला दिसत न्हाई, आता माझं काय काम? म्हनलं, समद्या घराचे दिवे तूच लावायचे. चार बटनं कुठं चाचपीत बसंल ती?"

मला माझ्या जिभेची लाज वाटली. मी बोर्डापाशी जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने काकू उठल्या, त्यांनी बटण दाबलं. खट्‌.

"लागले का हो?"

"लागले गं. लई झकास," काळोखातून सर म्हणाले. पाठोपाठ स्टूल पडल्याचा दणदणीत आवाज आला.

"लागले म्हनता, मग स्टुलाला कशाला धडकता?" काकू खुदकन हसल्या. "चला, मी परत दाबते."

मी मोबाईलच्या उजेडात हॉलमधल्या तीन माळांच्या पिना उपटल्या आणि एमसीबी वर केली. काकूंनी बटण दाबलं. दारावरची चांदणी लागली, दारापुढचा ओटा उजळला, आणि या वेळी काही पडलं नाही.

"आता तरी लागले का?"

 सरांच्या आधी मीच हॉलमधून ओरडलो, "लागले, काकू!"