अलीकडचे आणि पलीकडचे

आमच्या बाळकाकांकडे आलेल्या पाहुण्याला न्हाणीघर वापरता येत नसे. तिथे मासे राहत. सिमेंटच्या दोन टाक्या. एकीत अलीकडचे, दुसरीत पलीकडचे. पाहुणा, मग तो मुंबईचा साहेब का असेना, विहिरीवर पंचा नेसून आंघोळ करी आणि काका खिडकीतून ओरडत, "साबणाचं पाणी इकडे येऊ देऊ नका हो!"

बाळकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आणि आमचे सख्खे शेजारी. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी जन्म काढला. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. हे रत्नागिरीजवळच्या पालीच्या एस्टीत बसले. पालीपुढे एक सडा आहे, कातळाचं उघडंबोडकं पठार. त्याच्या अलीकडे एक पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो, पलीकडे दुसरा. दोन्हींत बोटाएवढे रुपेरी मासे. मला विचाराल तर तेच ते.

"दिसायला तेच," काका म्हणत, "पण संसार होत नाही."

म्हणजे असं, की नर एका पऱ्यातला आणि मादी दुसऱ्यातली असली, तर अंडी होत, अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपकेही दिसत, आणि मग सगळी अंडी पांढरी पडत. आपापल्या पऱ्यातला जोडीदार मिळाला की पिल्लंच पिल्लं. असं का, हे मी एकदाच विचारलं. चहा गार झाला.

"दोन सुतार आहेत असं समज. एकाने चौकट केली, दुसऱ्याने दार. दोघंही कसबी. पण हजारो वर्षं एकमेकांची तोंडं बघितली नाहीत, दोघांची मापं हळूहळू बदलत गेली. आता दार बसत नाही. चूक कुणाची?"

"दाराची," मी म्हणालो.

"गाढव आहेस!"

तर अशा या गाढवावर काका टाक्या सोपवून तीन दिवस राजापूरला लग्नाला गेले. टाक्या घासायच्या, मासे दोन निरनिराळ्या घंगाळांत काढायचे, एवढंच काम. त्यातलं एक घंगाळ गळकं निघालं. मी सगळे मासे एकातच ओतले. म्हटलं, मागाहून निवडू. तांदूळ निवडतात तसे.

काका परत आले, घंगाळात पाहिलं आणि मटकन उंबऱ्यावर बसले. "वसंता, सहा वर्षं रे!"

नर-मादी ओळखता येत, पण कोण कुठल्या पऱ्याचा, हे काकांनाही सांगता येईना. शेवटी एकच उपाय उरला. लोणच्याच्या बरण्या आणून एकेका बरणीत एकेक जोडपं घातलं. पिल्लं झाली तर दोघं एकाच पऱ्याची. अंडी पांढरी पडली तर नर बदलायचा. शिक्षा म्हणून अर्ध्या बरण्या आमच्या माजघरात आल्या. "या माशांइतका एकांत मला माझ्या लग्नानंतर सुद्धा मिळाला नव्हता," आमची ही म्हणाली.

एकेक बरणी मार्गी लागली. नवव्या बरणीतली मादी मात्र हटून बसली. दोन नर बदलून झाले, दोन्ही वेळा अंडी पांढरी.

"काका, वांझ आहे ही. द्या सोडून विहिरीत," मी म्हणालो.

ओटीवर काकू फणसाचे गरे काढत बसली होती. तिचा हात थांबला.

काका-काकूंना मूल नव्हतं. काकांची आई जिवंत असेपर्यंत हाच शब्द उठता-बसता काकूला ऐकवी. आमच्या हिच्या डोहाळजेवणाला भिंतीपलीकडच्या काकूला बोलावणं गेलं नाही. तशी पद्धत नव्हती म्हणे. मी तेव्हा घरातच होतो. पंगतीत श्रीखंड वाढत होतो.

"तो शब्द परत काढायचा नाही," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

त्यांनी तिसरा नर घातला. आधीच्या दोघांना दुसऱ्या माद्यांबरोबर ठेवलं. तीन दिवस माणूस धड जेवला नाही. चौथ्या दिवशी सकाळी हाक आली, "अगं, जरा इकडे ये."

काकू सहा वर्षांत टाक्यांकडे फिरकली नव्हती. ओले हात पदराला पुसत ती आली. नवव्या बरणीच्या काचेला मिशीच्या केसाएवढी पिल्लं चिकटली होती. शेजारच्या दोन बरण्यांतही होती.

"ही बघ. हिच्यात काही कमी नव्हतं. आणि आधीच्या नरांतही नव्हतं."

काकू बराच वेळ बघत राहिली. "हे सासूबाईंना दाखवायला हवं होतं," ती म्हणाली.

"मासे कशाला हवे होते? मी तोंडाने बोलायला हवं होतं." काकांनी चष्मा काढून उगीचच पुसला.

काकूने बरणीच्या काचेवर बोट टेकवलं. म्हणाली, "ही खातात काय?"

"उकडलेल्या अंड्याचा बलक. कणभर."

काकूच्या स्वयंपाकघरात अंड्याला बंदी होती. काका विहिरीमागे स्टोव्ह पेटवून चोरून उकडत. काकू आत गेली, एक पातेलं घेऊन आली आणि माझ्याकडे वळली.

"वसंता, कोपऱ्यावरून एक अंडं आण. पिशवीतून आण, हातात नाचवत येऊ नकोस. आणि अहो, किती वेळ उकडायचं ते सांगा. मला काय माहीत?"