गोदाक्काची बावीस मिनिटं

गोदाक्का कुणाच्या घरात शिरली की राम राम वगैरे करत नसे. दाराच्या गणेशपट्टीवरून एक बोट सर्रकन फिरवी आणि ते बोट घरच्या बाईच्या नाकासमोर धरी.

आम्ही सावेडीत राहायला गेलो त्या दिवशीची गोष्ट. हातगाडीवरून ट्रंका उतरत होत्या, स्टोव्हची पिन सापडत नव्हती, आणि ही बाई, नाव नाही गाव नाही, बोट माझ्यासमोर धरून उभी.

"हे काय हाय?"

"धूळ," मी म्हणाले.

"आन तू कोन?"

"मी शाळेत शिकवते."

"मास्तरीण! मग वाच की काय लिवलंय ते. घर दोन म्हैने बंद हुतं, आसं लिवलंय. उद्या बी हेच लिवलेलं दिसलं तर ते तुज्याबद्दल लिवलंय, आसं समज."

रागावणं हा माझा स्वभावच आहे, मी तो कधी लपवला नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत इतका राग मला तोवर कुणाचाच आला नव्हता.

गोदाक्का आमच्या घरमालकांची धाकटी बहीण. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळी, लुगडं कायम वर खोचलेलं. पुढच्या बंगलीत घरमालक आणि त्यांचं कुटुंब. मागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आणि त्याला लागून पत्र्याची एक खोली, ती गोदाक्काची. तिला अंधाराचं, चोराचं, कुत्र्याचं भय नव्हतं. राग होता तो फक्त धुळीचा. दुष्काळाचं वर्ष होतं ते. सावेडीत तेव्हा निम्मी शेतं आणि निम्मे प्लॉट. शेतात पीक नव्हतं, त्यामुळे सगळी माती वाऱ्याबरोबर घरोघर फिरायची. सकाळी झाडावं आणि दुपारी टेबलावर बोटानं नाव काढावं, असा फुफाटा. गोदाक्का त्या धुळीशी चक्क भांडे. "आलीस का मेले परत? आत्ता तर हाकललं हुतं तुला!" भिंतीपलीकडून हे ऐकून पहिले दोन दिवस मला वाटत होतं, तिच्याकडे कुणी पाहुणी आली आहे.

आता माझी अडचण सांगते. माझी शाळा सकाळची, सातला घंटा. ह्यांची कचेरी साडेदहाची, त्यामुळे हे सातपर्यंत झोपत. घरात केर पडलेला ठेवून बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि ती बाहेर पडल्यावर तिच्यामागे लगेच केर काढायचा नाही. हे दोन नियम कुणी केले ते मला माहीत नाही, पण ज्यानं केले त्याला सातच्या शाळेत जायचं नव्हतं एवढं नक्की. मला केर-फरशी आणि आवराआवर करायला दीड तास लागे, वर पाणी आणि दोन वेळचा स्वयंपाक. चारला उठूनही मी धापा टाकत शाळेत पोचायची, ती प्रार्थना संपल्यावर. मुख्याध्यापक माझ्या नावापुढे लाल खूण करत. नेमणूक हंगामी. वडिलांशी सहा महिने अबोला धरून मी ट्रेनिंग केलं होतं. ती नोकरी केरापायी जायची वेळ आली होती.

तशात शेवगावकडून आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं पत्र आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'चैत्रात येऊन आठ दिवस राहीन. घर नीट दिसलं तर नोकरी करा. न दिसलं तर राजीनामा देऊन मोकळ्या व्हा.'

हे म्हणाले, "आईचं म्हणणं एवढंच आहे की..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. हातातली परात फरशीवर आपटली. परातीचा आवाज भिंतीपलीकडे गेला असणार, कारण पुढच्याच मिनिटाला गोदाक्का दारात उभी होती.

"नोकरी जातीय व्हय तुजी?"

"जाणार नाही."

"जाईल की. तू जशी झाडतीस तशी झाडत ऱ्हायलीस तर नक्की जाईल. उद्या पाचला येते."

दुसऱ्या दिवशी पाचला ती आली, ती गजराचं घड्याळ छातीशी धरून. ते चुलीशेजारच्या फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "हां, कर सुरू." मी केरसुणी घेतली. ती दाराला टेकून बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आणि मग ती अशी ओरडली की पुढच्या बंगलीतली माणसंसुद्धा जागी झाली असतील.

"आगं, ह्या खोलीतून त्या खोलीत किती येरझाऱ्या! पुस्तक उचललं की चालली ठिवायला, वाटी उचलली की चालली ठिवायला. आशी चालत ऱ्हायलीस तर नेवाशाला पोचशील. हात चालव, पाय न्हाई!"

मग तिनं शिकवलं. एक वेताची पाटी घ्यायची. ज्या खोलीत पाय ठेवला तिथली भलत्या जागची वस्तू त्या पाटीत टाकायची आणि पाटी शेवटी एकदाच फिरवायची. एका खोलीतलं संपल्याशिवाय तिथून पाय काढायचा नाही. आधी जळमटं, मग फळ्या, मग खाटा, मग जमीन. "वरून खाली, आतून भाईर. आन मागं बघू नगं." फरशीला तांब्याभर पाणी, त्याच्यावर थेंब नाही, कारण नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. फडकं पिळून पिळून ती माझ्या हातात द्यायची आणि ते मला नीट पिळता येत नाही म्हणून पुन्हा हिसकावून घ्यायची. "मास्तरनीच्या हातात जोर न्हाई. पोरांचे कान कशी पिळतीस?"

एके दिवशी तिनं ह्यांच्या खाटेकडे बोट केलं. "हिच्याखालचं?"

"हे झोपलेत अजून."

"म्हनून काय धूळ बी झोपलीय?"

आणि तिनं खाटेची एक बाजू उचलली. माझ्या डोळ्यांदेखत आमचे हे पांघरुणासकट उशापासून पायथ्यापर्यंत घसरले. डोळे उघडून त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, "वाजले किती?" म्हणाले, आणि तसेच पायथ्याशी मुटकुळं करून झोपले. माणसाच्या झोपेचा इतका संताप मला त्यापूर्वी कधी आला नव्हता. पण त्या दिवशी मी संताप काढला गोदाक्कावर. केरसुणी फेकली आणि म्हणाले, "अक्का, घर माझं आहे. तुम्ही रोज माझ्या घरात येऊन मला का छळता?"

"छळते तर छळते. चाळीस मिंटं झाली. उचल ती."

मी उचलली. अजून सांगता येत नाही का उचलली. बहुधा चाळीस मिनिटं झाली हे ऐकून. दीड तासावरून मी चाळीस मिनिटांवर आले होते आणि रागाच्या भरात मला ते कळलंच नव्हतं.

होळीपर्यंत मी पस्तीसवर आले, मग अठ्ठावीसवर. लाल खुणा थांबल्या. मुख्याध्यापक एकदा "बाई, आजकाल लवकर येता," असंही म्हणाले. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी शेवटचं फडकं पिळून दोरीवर टाकलं, तेव्हा गोदाक्कानं घड्याळ हातात घेऊन दोनदा पाहिलं. "बावीस." मग दोरीवरचं फडकं काढून तिनं पुन्हा पिळून पाहिलं. शेवटी म्हणाली, "बरं हाय." तिच्या तोंडून माणसाबद्दल निघालेला तेवढाच एक चांगला शब्द मी ऐकला होता.

आणि आत्याबाई आल्या.

पहिले तीन दिवस त्या नुसत्या बघत होत्या. मी आवरायला लागले की माजघरात पाटावर बसायच्या आणि त्यांचा चहा संपायच्या आत मी केर भरून टाकलेला असायचा. त्यांनी फळ्यांच्या मागे पाहिलं, पिंपाच्या खाली पाहिलं, देवघरातल्या समया उलट्या करून पाहिल्या. काही सापडलं नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या. वाटत होतं, आता म्हणतील, कर बाई नोकरी.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मी आवरून पदर सारखा करत होते. हे त्या दिवशी आईच्या धाकानं लवकर उठून चहा घेत होते. गोदाक्का घड्याळ न्यायला दारात आली होती. आत्याबाई पाटावरून म्हणाल्या, "घर चांगलं ठिवलंस. माजं काय म्हननं न्हाई."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले.

"येवढ्या बिगी आवरतंय, मग तुला जड काय हाय? जूनपासनं माज्या धाकल्या दोघा पोरान्ला हितंच ठिवते शिकायला. तुज्या नंदंचं बाळतपन बी हितंच करू, शहरात दवाखाना जवळ हाय. समद्यांचं करून साळा जमली, तर साळंला माजी ना न्हाई."

मी वाकलेलीच राहिले. वर बघितलं ते ह्यांच्याकडे. हे बशीत चहा ओतत होते. "आईचं काय चूक आहे?" हे म्हणाले. "तुला तर बावीसच मिनिटं लागतात."

माझ्या कानशिलातून जाळ निघाला. पण मी तोंड उघडायच्या आधी दारातून आवाज आला. "माजी चूक झाली." गोदाक्का उंबऱ्यावर बसली होती. तिला बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"तुमची कशाची चूक?" आत्याबाईंनी विचारलं.

"हिला मी शिकवलं येवढ्या बिगी आवरायला. आसं करायला नगं हुतं." मग तिचा आवाज चढला. धुळीशी भांडतानाचा तोच आवाज. "मी बाविसाव्या वर्सी माजे मालक वारले म्हनून हितं परत आले. तवा दवाखान्यात नर्सबाईच्या शिक्षनाला माजं नाव लागलं हुतं. तिथल्या मोठ्या बाईंनी सोता येऊन सांगितलं हुतं. ह्योच भाऊ म्हनला, घरचं आवरून जमत आसंल तर जा. मला वाटलं, लवकर आवरलं की झालं! दोन तासांचं मी एका तासात केलं, एका तासाचं आर्ध्यात केलं. तर तेवढ्यात गुरांचं आलं. ते आवरलं तर भावजयीची बाळतपनं आली. ती आवरली तर चुलत्याचं आजारपन आलं. जेवढा येळ मी काढीन तेवढा त्यान्ला घावायचा. मोठ्या बाईंनी दोन वर्सं जागा धरली माज्यासाटी. मग दिली दुसरीला." तिनं आत्याबाईंकडे रोखून पाहिलं. "मी गाढवीन. हेच ह्या पोरीला शिकवलं. तिला म्हनायला पायजे हुतं, बाई गं, बावीस मिंटात झालं तरी दोन तास केरसुनी हातात धरून बस."

स्टोव्ह तेवढा भणभणत होता.

गोदाक्का उठली. "जा तू साळंला. पोरं येऊ देत, बाळतपन येऊ दे. मी करीन समदं. मला कुठं जायचंय?"

हे ऐकलं आणि माझा राग कडेलोटाला गेला. इतके महिने मी तिच्यावर रागावले होते. आता ती माझी नोकरी वाचवायला पुन्हा तेच करायला निघाली होती, आणि आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आला होता. मी कोपऱ्यातली केरसुणी उचलली, ह्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि तिथं केरसुणी दिली.

"अंगणातला केर राहिलाय," मी म्हणाले. "उद्यापासून सगळाच. तुम्हाला साडेदहापर्यंत वेळ असतो."

"पुरुषाच्या हातात केरसुनी!" आत्याबाई ओरडल्या. "वसंता, टाक ती!"

ह्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता मला माहीत नाही, पण हे उठले आणि अंगणात जाऊन झाडायला लागले. केरसुणी उलटी धरली होती. धूळ सगळी घरात येत होती. एरवी गोदाक्कानं किंकाळी फोडली असती. ती नुसती बघत राहिली.

आत्याबाई आठ दिवस राहणार होत्या, त्या दुपारच्याच एस.टी.नं गेल्या आणि पुढं वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जूनमध्ये दीर आले नाहीत, नणंदेचं बाळंतपणही आलं नाही. माझी शाळा चालू राहिली.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मला निघायचं होतं, साडेसहा होऊन गेले होते. मी पिशवी घेतली आणि गोदाक्काला म्हणाले, "अक्का, तुम्ही आता काही करायचं नाही. माझ्या खुर्चीवर बसा निवांत. चहा आहे."

ती खुर्चीच्या टोकावर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग गुडघ्यावर ठेवले, मग पदराखाली घेतले.

"बसून काय करू?" तिनं विचारलं.

त्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं आणि ती मला शिकवायला सांगत होती. मी मास्तरीण, पण हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले.

पुढच्या बंगलीच्या ओट्यावर घरमालक दात घासत उभे होते. मला पाहून त्यांनी चूळ भरली आणि हसून म्हणाले, "काय बाई, निघालात शाळेला? आमच्या गोदानं चांगलं तयार केलं म्हणे तुम्हाला. फार चपळ आहे हो ती. तिच्यामुळं आम्हाला घरात कधी काही बघावंच लागलं नाही."

रोज मी त्यांना हात जोडत असे. त्या दिवशी जोडले नाहीत. फाटक जितकं जोरात आपटता येईल तितकं आपटून मी शाळेच्या रस्त्याला लागले.